तालुका कोर्ट ते जिल्हा न्यायालय: न्यायाधीशाच्या नोकरीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यायाधीश म्हणून निवृत्त झाल्यापासून मी विधी महाविद्यालयांत आणि वकील संघांत बोलायला जातो. घरी परतेपर्यंत फोनवर प्रश्न येऊन पडलेले असतात. विचारणारे बहुतेक शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, ज्युनिअर वकील आणि बऱ्याचदा त्यांचे आईवडील. वर्षानुवर्षं तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. दहातले आठ प्रश्न परीक्षेबद्दल असतात. पण परीक्षा दोन-तीन वर्षांत संपते आणि नोकरी तीसेक वर्षं करायची असते, त्यामुळे कामाच्या प्रश्नांना मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे. सगळी माहिती महाराष्ट्रापुरती आहे. नियमांत दुरुस्त्या होत राहतात, म्हणून अर्ज भरताना त्या वेळच्या जाहिरातीतला शब्दच अंतिम धरा.

१. जेएमएफसी, सीजेजेडी आणि सिव्हिल जज ही तीन वेगळी पदं आहेत का?

नाही. एकाच माणसाच्या डोक्यावरच्या या दोन टोप्या आहेत. पदाचं पूर्ण नाव दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर (सीजेजेडी) व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग (जेएमएफसी) असं आहे. जमिनीचा, वाटपाचा, मनाई हुकुमाचा दावा चालवताना तुम्ही दिवाणी न्यायाधीश असता. चोरी, मारामारी, चेक परत गेल्याचा खटला चालवताना दंडाधिकारी. तालुक्याच्या कोर्टात या दोन्ही टोप्या एकाच दिवसात चारदा बदलाव्या लागतात.

वरची पायरी दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. त्यांच्यातलेच एक जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य न्यायदंडाधिकारी असतात. त्याच्या वर जिल्हा न्यायाधीश, जे फौजदारी बाजूला सत्र न्यायाधीश म्हणून बसतात.

२. तहसीलदारांनाही दंडाधिकारी म्हणतात. मग ते न्यायाधीश झाले का?

नाहीत. तहसीलदार आणि प्रांत हे कार्यकारी दंडाधिकारी. शांतता राखण्यासाठी जामीन घेणं, जमावबंदीचे आदेश काढणं, मृत्युपूर्व जबाब नोंदवणं अशी कामं ते करतात आणि ते महसूल खात्याच्या म्हणजे शासनाच्या अधिकाराखाली असतात. न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली असतो. कार्यपालिका आणि न्यायपालिका वेगळ्या ठेवाव्यात असं राज्यघटनेचा अनुच्छेद ५० सांगतो, त्याचा तालुक्यात डोळ्यांनी दिसणारा पुरावा म्हणजे या दोन इमारती. कलेक्टर तुमचे साहेब नसतात. हे पहिल्याच आठवड्यात स्वतःला नीट समजावून सांगावं लागतं.

३. यूपीएससी द्यावी लागते का? परीक्षा नक्की कोण घेतं?

यूपीएससीचा यात संबंध नाही. अखिल भारतीय न्यायिक सेवेची तरतूद ४२व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली अनुच्छेद ३१२ मध्ये आली, पण ती सेवा अजून उभी राहिलेली नाही.

कनिष्ठ स्तराची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो, नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते आणि नियम आहेत महाराष्ट्र न्यायिक सेवा नियम, २००८. थेट जिल्हा न्यायाधीश पदाची भरती मात्र मुंबई उच्च न्यायालय स्वतः करतं (प्रश्न १३ पाहा).

४. एलएलबी झाल्यावर लगेच परीक्षा देता येते का?

सध्याच्या कायद्याप्रमाणे नाही. हा नियम दोनदा फिरला आहे, त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून गोंधळ होतो. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट घातली. न्यायाधीशांच्या वेतनासाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर २००२ साली ती काढली आणि नव्या पदवीधरांना दार उघडलं. २० मे २०२५ रोजी ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची अट परत आणली. ज्या भरतीची प्रक्रिया त्या तारखेआधी सुरू झाली होती, तिला ही अट लागू नाही.

मुलं या अटीवर नाराज आहेत. त्यांची नाराजी मला कळते, कारण खेड्यातून आलेल्या मुलीला किंवा मुलाला तीन वर्षं जवळजवळ बिनपगारी काढणं सोपं नसतं. तरीही माझं मत अटीच्या बाजूने आहे. साक्षीदार उलटतपासाला उभा असताना त्याच्या वकिलाच्या पोटात काय होतं, हे ज्याने एकदाही अनुभवलेलं नाही, तो न्यायाधीश वकिलाने मागितलेली तारीख एक तर आंधळेपणाने देतो, नाही तर आंधळेपणाने नाकारतो.

५. तीन वर्षं कुठून मोजायची? बार परीक्षा पास झाल्यापासून की सनद मिळाल्यापासून?

वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून. बार परीक्षेच्या तारखा प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळ्या येतात, म्हणून न्यायालयाने हीच तारीख धरायला सांगितलं. पुरावा म्हणून, जिथे वकिली केली त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशांचा दाखला चालतो. नाही तर किमान १० वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर प्रमुख न्यायाधीशांची सही. न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं.

माझा सल्ला: पहिल्या दिवसापासून एक वही करा. कुठल्या तारखेला, कुठल्या कोर्टात, कोणत्या प्रकरणात उभे राहिलात ते लिहा. वकीलपत्रावर नाव घालून घ्या. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी दाखल्यासाठी सीनियरच्या मागे धावणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

६. परीक्षेचे टप्पे आणि गुण कसे असतात?

पूर्व परीक्षा १०० गुणांची, पर्याय निवडण्याची. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात आणि या परीक्षेचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. मुख्य परीक्षेत १०० गुणांचे दोन पेपर, ढोबळमानाने एक दिवाणी कायद्यांचा आणि दुसरा फौजदारी कायद्यांचा. मग ५० गुणांची मुलाखत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले. जुने कायदे मात्र विसरू नका. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागू आहे, आणि नेमणुकीनंतर कित्येक वर्षं तुमच्यासमोर दोन्ही कायद्यांची कलमं शेजारी शेजारी येणार आहेत.

७. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालंय. मराठी बोलता येतं, पण लिहायला जड जातं. चालेल का?

नियमाने मराठी बोलता, वाचता, लिहिता आलं पाहिजे आणि मराठी-इंग्रजी दोन्हीकडून भाषांतर करता आलं पाहिजे. कामाच्या दृष्टीने विचाराल तर एवढंही पुरत नाही.

माझ्याकडे साक्षीला आलेल्या एका आजोबांनी सांगितलं, "त्यानं बांध कोरला, पण वहिवाट माझीच हाय." समोरच्या तरुण वकिलाने याचं इंग्रजी टिपणात मालकी असं केलं होतं. वहिवाट म्हणजे मालकी नव्हे. कोणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो, कोण कसतो ते वहिवाट सांगते. त्या एका शब्दावर मनाईचा अख्खा दावा उभा होता. पोटहिस्सा, फेरफार, सामाईक विहीर, पाळीचं पाणी, गटस्फोट हे शब्द कायद्याच्या पुस्तकात सापडत नाहीत आणि तालुक्यात रोज कानावर पडतात. तीन वर्षांच्या वकिलीत निदान एक वर्ष दिवाणी बाजूला काढा, आणि तलाठ्याचं दप्तर वाचायला शिका.

८. निवड झाल्यावर थेट कोर्टात बसवतात का?

नाही. भाईंदरजवळ उत्तन इथे महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. तिथलं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष न्यायालयात अनुभवी न्यायाधीशांच्या हाताखालचं प्रशिक्षण असा क्रम असतो. स्वतः न्यायासनावर बसण्याआधी किमान एक वर्षाचं प्रशिक्षण हवंच, असं प्रश्न ४ मधल्या मे २०२५ च्या निकालात म्हटलं आहे. पुढे परिविक्षा कालावधी (प्रोबेशन) असतो. त्यात काम आणि वर्तन दोन्ही पाहिलं जातं.

प्रशिक्षणात फावल्या वेळात कार्यालयात जाऊन बसा. नाझर काय करतो, बेलिफ समन्स कसं बजावतो, मुद्देमालाची नोंद कुठे होते, रोजनामा कोण लिहितो. हे माहीत नसलेल्या न्यायाधीशाला समन्स का बजावलं गेलं नाही याचं जे कारण सांगाल ते खरं वाटतं.

९. पहिल्या पोस्टिंगवर दिवस कसा जातो?

सकाळी अकराच्या सुमारास तुम्ही डायसवर येता. समोर बोर्ड असतो, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. पट्टेवाला पुकारा करतो. पहिला तास हजेऱ्या, अर्ज, तारखा, वॉरंट रद्द करणं यात जातो. मग साक्षीपुरावा. दुपारच्या सुट्टीनंतर युक्तिवाद, मधूनच पोलिस रिमांडसाठी आरोपी घेऊन येतात आणि सगळं थांबवून ते आधी घ्यावं लागतं. दंडाधिकाऱ्यापुढे जबाब नोंदवायला एखादी पीडित मुलगी आली, तर चेंबरचं दार लावून, पोलिसांना बाहेर ठेवून, घाई न करता बसावं लागतं. त्या दिवशीचा बोर्ड कोलमडतो. कोलमडू द्यावा.

संध्याकाळी कोर्ट रिकामं होतं आणि मग न्यायाधीशाचं दुसरं काम सुरू होतं: लिहिणं. निकालपत्रं, निशाणी ५ चे आदेश, जामिनाचे आदेश. बाहेरच्यांसाठी सांगतो, आपल्याकडे दाव्यासोबतचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुधा निशाणी ५ वर असतो, म्हणून कोर्टात सगळे त्याला "एक्झिबिट पाच" म्हणतात. दावा निकाली निघायला वर्षं लागतात. तोपर्यंत नांगर कोणी धरायचा, हे त्या आदेशावर ठरतं. म्हणून तो मी नेहमी निकालपत्राइतकाच मन लावून लिहिला.

साक्ष नोंदवण्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहायला नको. वाटपाच्या एका दाव्यात सत्तरीची एक बाई पिंजऱ्यात होती. वकिलांनी विचारलं, "तुमच्या वडिलांच्या मृत्यूनंतर तुम्ही हक्कसोड पत्रावर सही केली, हे खरं?" ती म्हणाली, "केली." वकील खाली बसत होते. तिच्या ओठांवर अजून काहीतरी होतं. मी म्हटलं, "आजी, पूर्ण बोला." ती म्हणाली, "भाऊ म्हणला रेशनकार्डावरनं नाव काढायचंय, अंगठा दे." पूर्ण उत्तर लिहून घेतलं. ते खरं की खोटं हे पुढे पुराव्यावर ठरायचं होतं. पण मी मान खाली घालून फक्त "केली" एवढंच टंकलेखकाला सांगितलं असतं, तर पुढची तिन्ही न्यायालयं तो एकच शब्द वाचत बसली असती. वरच्या कोर्टाला साक्षीदाराचा चेहरा दिसत नाही. तो फक्त तुम्हाला दिसतो.

१०. सुट्टीच्या दिवशीही काम असतं म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे आणावंच लागतं, आणि २४ तास रविवार पाहत नाहीत. सुट्टीच्या दिवशी पाळीप्रमाणे एकाकडे रिमांडचं काम असतं. जिथे एकटेच न्यायाधीश असतात तिथे दर रविवार त्यांचाच.

माझ्या अगदी सुरुवातीच्या रविवारी निवासस्थानी एका वीस वर्षांच्या मुलाला आणलं. पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का, असं विचारलं. "नाही," तो म्हणाला, पण बघत होता शेजारच्या हवालदाराकडे. मी पोलिसांना व्हरांड्याबाहेर फाटकापर्यंत जायला सांगितलं आणि तोच प्रश्न परत विचारला. त्याने बाही वर केली. जे दिसलं ते आदेशात लिहिलं आणि वैद्यकीय तपासणीला पाठवलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. "आरोपीची तक्रार नाही" हा छापील शिक्का मारायला दहा सेकंद लागतात. या नोकरीत येणाऱ्या प्रत्येकाने तो शिक्का हातात धरण्याआधी माणसाकडे पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

११. पगार किती मिळतो?

न्यायमूर्ती पी. व्यंकटराम रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू आहेत. कनिष्ठ स्तराला मूळ वेतन ७७,८४० ते १,३६,५२० रुपये, वरिष्ठ स्तराला १,११,००० ते १,६३,०३० रुपये, जिल्हा न्यायाधीशांना सुरुवातीच्या श्रेणीत १,४४,८४० ते १,९४,६६० रुपये. त्यावर महागाई भत्ता, आणि निवासस्थान किंवा घरभाडं. जिल्हा न्यायाधीशांत याहून वर निवड श्रेणी आणि अतिकालिक श्रेणी आहेत. सुखाने घर चालतं. मोठ्या शहरातल्या यशस्वी वकिलाशी तुलना करत बसाल, तर मात्र मनाला स्वस्थता मिळणार नाही.

१२. बढती कशी होते? जिल्हा न्यायाधीश व्हायला किती वाटा आहेत?

कनिष्ठ स्तरावरून वरिष्ठ स्तरावर जाण्याचा नेहमीचा मार्ग ज्येष्ठता आणि कामाची गुणवत्ता यांचा. मे २०२५ च्या निकालाने त्यात भर घातली: वरिष्ठ स्तरातल्या १० टक्के जागा विभागीय स्पर्धा परीक्षेतून, कनिष्ठ स्तरावर तीन वर्षं झालेल्यांसाठी.

जिल्हा न्यायाधीश पदाला तीन वाटा. पहिली नियमित पदोन्नती, दुसरी मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षा, तिसरी थेट भरती. २००२ साली हे प्रमाण ५०, २५, २५ होतं. २०१० साली विभागीय परीक्षेच्या जागा भरत नाहीत म्हणून तिचा वाटा १० टक्क्यांवर आला. २०२५ साली तो पुन्हा २५ टक्के झाला. या परीक्षेसाठी आता वरिष्ठ स्तरावरची तीन वर्षं आणि एकूण सात वर्षांची सेवा लागते.

हा बदल फार महत्त्वाचा आहे. पूर्वी चांगल्या न्यायाधीशाला केवळ ओळीत मागे असल्यामुळे पंधरा-पंधरा वर्षं वाट पाहावी लागे. परीक्षेचा अभ्यास हवा, पण बोर्ड बाजूला सारून केलेला अभ्यास नको. कारण तुमचे निकालही पाहिले जातात.

१३. मी आधीच कनिष्ठ स्तरावर न्यायाधीश आहे. थेट भरतीतून जिल्हा न्यायाधीशासाठी अर्ज करू शकतो का?

हो, आता करू शकता. अनुच्छेद २३३ प्रमाणे थेट भरतीला सात वर्षांची वकिली लागते. आधीच सेवेत असलेल्याला या वाटेने येता येणार नाही, असं २०२० साली धीरज मोर प्रकरणात ठरलं होतं. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रजनीश के. व्ही. विरुद्ध के. दीपा प्रकरणात तो निकाल बाजूला सारला. आता वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षं चालतात, किमान वय ३५ आणि पात्रता अर्जाच्या तारखेला पाहिली जाते.

उदाहरण घ्या. तीन वर्षं वकिली, मग पाच वर्षं न्यायाधीश, वय ३६: पात्र. दोन वर्षं वकिली, सहा वर्षं सेवा, वय ३३: सात वर्षं भरली तरी वयामुळे अपात्र.

१४. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्यांत ज्येष्ठ कोण?

यावर देशभर वर्षानुवर्षं वाद चालले. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी घटनापीठाने वार्षिक चार बिंदूंची बिंदुनामावली, म्हणजे ज्येष्ठतेच्या जागा वाटण्याचा ठरलेला क्रम, सांगितली: दोन नियमित पदोन्नतीचे, एक विभागीय परीक्षेचा, एक थेट भरतीचा, आणि हाच क्रम पुढे. जिल्हा न्यायाधीश झाल्यावर कोण कुठून आला यावरून वेगळं झुकतं माप नाही. खालच्या पदावर घालवलेल्या वर्षांचाही ज्येष्ठतेत जादा फायदा नाही.

१५. बदल्या किती होतात? नवरा-बायको दोघंही नोकरीत असतील तर?

साधारण तीन वर्षांनी बदली धरून चला. अनुच्छेद २३५ प्रमाणे हे सगळं उच्च न्यायालयाच्या हातात असतं आणि सार्वत्रिक बदल्या उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमारास होतात. कोकण, मराठवाडा, विदर्भ, सगळीकडे जावं लागतं. आपलं गाव आणि जिथे वकिली केली ते ठिकाण सहसा मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. पतिपत्नी एकत्रीकरण, मुलांची दहावी-बारावी, आजारपण यासाठी विनंती अर्ज करता येतो. तो विचारात घेतात, पण तो तुमचा हक्क नव्हे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यात न्यायाधीश होते. त्यांच्या सार्वजनिक कामामुळे सरकारला त्यांचा संशय आला आणि त्यांची बदली नाशिकला आणि पुढे धुळ्याला झाली. १८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले. बदलीचा कागद हातात पडला की मी नेहमी धुळ्याची ती बदली आठवायचो.

१६. कनिष्ठ न्यायाधीश किती शिक्षा देऊ शकतो?

प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अथवा समाजसेवेची शिक्षा. मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत. सत्र न्यायाधीश कायद्यातली कोणतीही, पण फाशीला उच्च न्यायालयाची पुष्टी लागते.

१७. माझा निकाल वरच्या कोर्टाने फिरवला, तर नोकरीवर परिणाम होतो का?

नुसता निकाल फिरला म्हणून नाही. अपील ही व्यवस्थाच त्यासाठी आहे. प्रामाणिकपणे दिलेला चुकीचा आदेश म्हणजे गैरवर्तन नव्हे, बाह्य हेतूचा पुरावा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने कृष्ण प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या २०१९ च्या निकालात सांगितलं. त्याच्याही आधी, १९८८ साली ईश्वर चंद जैन प्रकरणात, खोट्या तक्रारींपासून प्रामाणिक न्यायाधीशाचं रक्षण करणं हे उच्च न्यायालयाचं कर्तव्य आहे असं म्हटलं गेलं.

तरीही भीती असते, हे मी नाकारणार नाही. हरलेला पक्षकार निनावी अर्ज करतो. मग खुलासा मागितला जातो. अशा अर्जांमुळे जामीन देताना हात आखडणारे तरुण न्यायाधीश मी पाहिले आहेत: "वर जाऊन घेऊ द्या, आपल्यावर नको." मला या नोकरीतलं सगळ्यात जास्त दुखणारं हेच. जामीन मिळायला हवा असलेला गरीब माणूस वर जाऊ शकत नाही. तो आतच राहतो. आदेशात कारणं लिहा, स्वच्छ लिहा, आणि झोपा. कारणं लिहिलेल्या आदेशावर खुलासा देणं अवघड नसतं.

१८. किती प्रकरणं निकाली काढली याचं टार्गेट असतं का?

कामाचं मोजमाप युनिटमध्ये होतं. प्रकरणाच्या प्रकाराप्रमाणे युनिट ठरलेली असतात आणि गोपनीय अहवालात ती दिसतात. निकालपत्राचा दर्जा, वकील आणि पक्षकारांशी वागणूक, सचोटी याही गोष्टी असतात. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर तर आता कोणालाही तुमच्या कोर्टातली प्रलंबित प्रकरणं दिसतात.

युनिटसाठी सोपी प्रकरणं आधी उचलायचा मोह होतो. वीस वर्षांचा जुना वाटपाचा दावा किंवा दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) खाली पडून राहते. मी आठवड्यातला एक दिवस फक्त जुन्यांसाठी ठेवायचो. आकडे थोडे कमी दिसायचे.

१९. नातेवाईक, मित्र, लग्नसमारंभ, व्हॉट्सॲप ग्रुप: काय पाळावं लागतं?

राजकारण नाही, पक्षकार किंवा स्थानिक पुढाऱ्यांचा पाहुणचार नाही, चालू प्रकरणांवर कुठेही मतप्रदर्शन नाही, मालमत्तेचं विवरण वेळेवर. हे झालं नियमांचं. व्यवहारात एकटेपणा येतो. तालुक्यात तुमचे मित्र होऊ शकतील अशी माणसं म्हणजे वकील, डॉक्टर, अधिकारी, आणि यांतल्या कोणाचंही प्रकरण उद्या तुमच्यापुढे येऊ शकतं. घरच्यांना हे आधी सांगा. माझ्या पत्नीला दिवाळीत आलेले मिठाईचे डबे दारातून परत करावे लागायचे, आणि माणूस चांगला असला की ते तिला फार जड जायचं.

२०. पोलिस न्यायाधीशाला अटक करू शकतात का?

गुन्हा केला असेल तर करू शकतात, पण मोकळा हात नाही. १९८९ साली गुजरातमधल्या नडियादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना पोलिसांनी बेड्या घालून दोरीने बांधलं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिल्ली ज्युडिशियल सर्व्हिस असोसिएशनच्या प्रकरणात नियम घालून दिले: अटक जिल्हा न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाला कळवून, तातडीची असेल तर केवळ औपचारिक, जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय पोलिस ठाण्यात नेता येत नाही, सहसा बेड्या नाहीत.

२१. मला दिसत नाही. न्यायाधीश होता येईल का?

हो. दृष्टिहीन उमेदवारांना केवळ त्या कारणाने न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी स्पष्ट केलं आणि मध्य प्रदेशचा त्यांना वगळणारा नियम रद्द केला. लेखनिक आणि इतर सोयींसाठी अर्जातच मागणी नोंदवा.

२२. तालुक्यातून सुरुवात करून उच्च न्यायालयात पोहोचता येतं का?

येतं. अनुच्छेद २१७ प्रमाणे दहा वर्षं न्यायिक पद धारण केलेल्याची उच्च न्यायालयात नेमणूक होऊ शकते. नाव कॉलेजियमकडून, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या निवड मंडळाकडून जातं, अर्ज करायचा नसतो. इथे वयाचं गणित आडवं येतं: तिशीच्या आत सेवेत आलेल्याला पोहोचायला वेळ मिळतो, उशिरा आलेल्याची निवृत्ती आधी येते. ६० हे जिल्हा न्यायालयांतलं निवृत्तीचं वय, त्याआधी ५० व ५५ व्या वर्षी आणि पुढे सेवेचा आढावा घेतला जातो. उच्च न्यायालयात ६२.

२३. निवृत्तीनंतर वकिली करता येते का?

करता येते, एका बंधनासह. निवृत्तीआधीच्या तीन वर्षांत ज्या भागावर तुमची अधिकारिता होती, तिथे दोन वर्षं वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. नोकरीत जाताना स्थगित केलेली सनद आधी सुरू करून घ्यावी लागते. अनेक जण जिल्हा ग्राहक आयोगाचे अध्यक्ष होतात, लोकअदालतीच्या पॅनलवर बसतात किंवा लवाद म्हणून काम करतात.

२४. वकील असताना माझ्या पक्षकाराचा असलेला दावाच माझ्या बोर्डावर आला तर?

लगेच हात काढून घ्यायचा. पुकारा झाल्या झाल्या दोन्ही बाजूंसमोर सांगायचं की या प्रकरणात मी वकील होतो, रोजनाम्यात तशी नोंद करायची आणि प्रकरण दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग व्हावं म्हणून प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना कळवायचं. पक्षकारांनी "साहेब, आमची हरकत नाही" म्हटलं तरी नाही. तोपर्यंत त्यात तारखेशिवाय दुसरा कोणताही आदेश करायचा नाही.

पक्षकार तोच पण दावा वेगळा असेल, आणि सीनियरच्या ऑफिसमध्ये तुम्ही फक्त फायली उचलल्या असतील, तर कायद्याने आपोआप बंदी येत नाही. अशा वेळी मी समोरच्या बाजूच्या जागी बसून पाहायचो: मला हे उद्या दुसऱ्याकडून कळलं तर मी काय म्हणेन? दोनदा असं झालं. दोन्ही वेळा मी प्रकरण सोडलं.